अळ्या फुलझाडं खातायत, मारू का? बाल्कनीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मुलुंडला आमच्या तिसऱ्या मजल्यावर बाल्कनी आणि दोन खिडक्यांचे ग्रिल धरून चाळीसेक कुंड्या आहेत, शिवाय खाली सोसायटीच्या कंपाउंडला लागून मातीची एक पट्टी आहे तिच्याकडेही मीच बघते. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, मावशीच्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. चौदा वर्षं झाडं लावतेय आणि अळ्या बघतेय, त्यातून जे कळलं ते खाली आहे.

काल झाड चांगलं होतं आणि आज अर्धं खाल्लंय. लगेच काय फवारू?

काहीच फवारू नका, आठ दिवस थांबा. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, म्हणून कारण नीट सांगते. अळी अंड्यातून निघते तेव्हा मुंगीपेक्षा लहान असते, पहिलं काम म्हणजे स्वतःच्याच अंड्याचं टरफल खाते, मग पानाला सुईने टोचल्यासारखी भोकं पाडते, ती आपल्याला दिसतही नाहीत. मग मोठी होत जाते तशी कात टाकते, फुलपाखरांच्या अळ्या साधारण चार वेळा टाकतात म्हणजे पाच टप्पे होतात, आणि जन्मभरात ती जेवढं खाते त्यातलं बहुतेक सगळं शेवटच्या टप्प्यात, शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते. म्हणजे आपण "अगं बाई, झाड गेलं" म्हणतो तेव्हा तिचं जेवण उरकत आलेलं असतं. तुम्ही नर्सरीत जाणार, औषध आणणार, रविवारी वेळ मिळाला की फवारणार, तोवर ती झाडावरून उतरून कोष करायला निघालेली असते आणि तुमचं औषध मुंग्या, मधमाश्या नि कोळ्यांच्या अंगावर पडतं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या तगरीवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या होत्या, सहा होत्या, मी मोजल्या. गुरुवारी दिसल्या, शनिवारी वरच्या फांद्यांच्या नुसत्या काड्या, सोमवारी एकही अळी नाही. गणपती बसले तेव्हा त्याच काड्यांना नवी पालवी फुटली होती आणि दसऱ्याला तगर पांढरीशुभ्र भरली होती. मी फक्त पाणी घातलं.

पण झाड मरणार नाही ना?

मुळं धरलेलं, वर्षभर जुनं झाड पानं खाल्ल्याने मरत नाही. पावसाळ्यात तर नाहीच, तेव्हा पंधरा दिवसांत नवी पानं येतात. कढीपत्त्याचे शेंडे आपणच खुडतो तेव्हा तो जास्त फुटतो ना, तसंच आहे हे. मरतं ते वीतभर रोप, नुकतं लावलेलं, चार पानांचं. तसं रोप असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडा, मात्र त्याच जातीच्या झाडावर, कारण लिंबावरची अळी जास्वंदीवर ठेवली तर ती उपाशी मरते, दुसरं पान तोंडात घेत नाही.

पानांचं ठीक आहे हो, पण फुलं आणि कळ्याच खातात त्याचं काय?

हा प्रश्न खरा आहे, आणि याला सरसकट "खाऊ दे" असं उत्तर मी देत नाही. फुलांसाठीच झाड लावलंय आणि फूलच हाताला लागत नाही तेव्हा वाईट वाटतं, मलाही वाटतं.

मोगऱ्याचं आधी सांगते कारण मुंबईत सगळ्यात जास्त रडारड मोगऱ्याची. कळी पांढरी व्हायच्या ऐवजी जांभळट पडते, बाजूला बारीक भोक असतं, दोन-तीन कळ्या जाळीने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि हात लावला की गळून पडतात. उघडून बघितली तर आत काळ्या डोक्याची छोटीशी हिरवट अळी. ही एका पतंगाची अळी आहे, कळीच पोखरते. फवारलेलं औषध आत पोचत नाही, त्यामुळे मी अशा कळ्या रोज सकाळी पाणी घालतानाच खुडते आणि लांब टाकते, कुंडीत टाकत नाही कारण ती मातीत जाऊन कोष करते. दहा दिवस नेमाने खुडलं की पुढचा बहर बराच सुटतो. बाकीच्या कळ्या माझ्या, थोड्या तिच्या.

गुलाब आणि झेंडूच्या कळीला मोठं गोल भोक आणि अळीचं अर्धं अंग बाहेर असं दिसलं तर ती बहुतेक घाटेअळी, तीच जी हरभऱ्याच्या घाट्यात आणि टोमॅटोत असते. ही भारी खादाड, एका कळीतून दुसरीत जाते आणि कुठलंही झाड चालतं तिला. दोन कुंड्या असतील तर हाताने उचला, विषय संपला. मी उचलून खालच्या पट्टीत ठेवते, तिथे दयाळ पक्षी येतो, पुढचं तो बघतो.

आणि मग काही अळ्या आहेत ज्या फुलं खातात पण मी त्यांना बोटही लावत नाही. एक्झोराच्या कोवळ्या कळ्यांवर मंकी पझल नावाच्या फुलपाखराची अळी असते, हिरवी, अंगावर टोकं टोकं, कळ्यांच्या गुच्छात बसली की दिसतच नाही. शेंगवर्गातल्या झाडांच्या फुलांत, खुळखुळ्याच्या वगैरे, पी ब्लू नावाच्या चिमुकल्या निळ्या फुलपाखराची अळी असते, तिच्याभोवती मुंग्या फिरताना दिसल्या तर त्या तिला खात नाहीयेत, तिच्या अंगातून गोड थेंब येतो त्यासाठी राखण करतायत. एक्झोराच्या शंभर कळ्यांतल्या दहा गेल्या तर झाडाकडे बघून कुणाला कळणारही नाही.

अळी आणि सुरवंट एकच का? हात लावला तर खाज येते?

बोलताना आपण वेगळे शब्द वापरतो ते बरोबरच आहे. गुळगुळीत ती अळी, केसाळ तो सुरवंट. आमच्या आजीच्या तोंडी कुसरूड, कोकणातल्या लोकांना माहीत असेल. केसाळ दिसला की हात लावायचा नाही, एवढा एक नियम लहान मुलांना शिकवा, बाकी भीती घालू नका.

पावसात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठाच्या गठ्ठा बसलेला असतो, दिवसा खोडाला चिकटून आणि रात्री वर जाऊन पानं खातात, त्यांचे केस लागले की अंगावर गांधी उठतात. दुसरी एक आहे आंबा, नारळ, बदामाच्या झाडावरची, पोपटी रंग, पाठीवर निळा पट्टा आणि काट्यांचे झुपके, दिसायला फार देखणी, हात लागला तर करंट बसल्यासारखा चटका.

लागलंच तर चोळू नका, चोळलं की केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोन-तीनदा करा, मग साबणाने धुवा आणि बर्फ लावा, कपडेही बदला. डोळ्यात गेलं असेल तर डॉक्टरकडे, आणि तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

लिंबू, कढीपत्ता, तगर, रुई, कण्हेर यांवरच्या ज्या अळ्या खाली सांगतेय त्या अंगावर चढल्या तरी काही होत नाही. कृष्णकमळावर लालसर तपकिरी, अंगभर काटे असलेल्या अळ्या असतात, टॉनी कॉस्टर नावाच्या फुलपाखराच्या, त्या भयंकर दिसतात पण ते काटे टोचत नाहीत. फक्त रुई आणि कण्हेरीचा चीक विषारी असतो, तो हाताला लागला तर धुवा.

माझ्या झाडावरची अळी कोणाची, हे कसं ओळखायचं?

आधी झाड बघा, अळी नंतर. झाड कळलं की निम्मं उत्तर मिळालं, कारण फुलपाखराची मादी अंडी घालताना फार चोखंदळ असते. कढीपत्त्याच्या कुंडीशी पाच मिनिटं स्वस्थ उभं राहा, काळं फुलपाखरू येतं, पानावर नीट बसतही नाही, पंख फडफडत पुढच्या पायांनी पानावर टकटक करतं, पायांनीच चव घेतं ते, मग दुसरं पान, तिसरं पान, आणि पसंत पडलं की पोट वळवून कोवळ्या पानाला राजगिऱ्याच्या दाण्याएवढं एकच फिकट पिवळं अंडं चिकटवतं आणि लगेच पुढे. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा गॅसवर दूध उतू गेलं होतं.

तर लिंबू, कढीपत्ता आणि बेल या तिघांवर कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय. लहानपणी अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची शीट, म्हणून पक्षी सोडून देतात आणि आपणही पुसायला जातो. मोठी झाली की हिरवीगार. डोक्यामागे हलकं टोचलंत तर मांडीवरचं बाळ जीभ काढतं तसं केशरी-लाल दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबूस वास सोडते, हे शिंग एरवी आत दुमडलेलं असतं. लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर ब्लू मॉर्मनही वाढतो, तोच तो तळहाताएवढा काळा-निळा, २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. त्याचं मराठी नाव नीलवंत. श्रावणी सोमवारी बेल खुडताना पानामागे अळी असेल तर ती डहाळी झाडावरच राहू द्या, महादेवाला दुसरी चालेल.

रुईवर प्लेन टायगर. शनिवारी मारुतीला घालतो त्या माळेची रुई, तिच्यावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी. ती लपत नाही, उघड्यावर खात बसते, कारण रुईचं विष ती अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते टिकतं, पक्ष्याने एकदा चाखलं की परत वाटेला जात नाही.

कण्हेरीवर कॉमन क्रो, तपकिरी साधं फुलपाखरू, पण त्याचा कोष बघाच, पानाखाली लटकलेला, चांदीचा वर्ख लावल्यासारखा चमकतो, त्यात आपलं तोंड दिसेल असं वाटतं. तगर, कण्हेर आणि हल्ली प्रत्येक बाल्कनीत असलेलं अडेनियम यांवर वर सांगितलेली ती जाड हिरवी अळी, डोक्यामागे दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके आणि शेपटीला छोटंसं शिंग. ती ओलिअँडर हॉक मॉथ नावाच्या पतंगाची.

सोनचाफा आणि सोसायट्यांमधला तो उंच सरळ खोटा अशोक यांवर टेल्ड जे, हिरव्या ठिपक्यांचं चपळ फुलपाखरू. बहाव्यावर एमिग्रंट. कोरांटीवर लेमन पॅन्सी. आणि कुंडीत आपोआप उगवणारी घोळ उपटून टाकता ना, ती ठेवा थोडी, तिच्यावर डॅनाइड एगफ्लाय वाढतं. त्याचा नर काळाभोर, पांढरे गोल आणि त्यांना जांभळी झळाळी, मादी मात्र विषारी प्लेन टायगरचं सोंग घेऊन फिरते.

लिलीच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्यांची फौज आलीये, सगळं सडवलंय!

हो, हा लिली मॉथ. घोळक्याने येतात आणि लिलीचा चिखल करून ठेवतात. इथे मी निम्म्या उचलते, खरंच सांगते, कारण एका कुंडीत तीस अळ्यांना पुरेल एवढी लिली नसते आणि त्याही शेवटी उपाशीच मरतात. कंद शाबूत असेल तर नवी पानं येतात. सडलेली पानं कापून टाका आणि पाणी कमी करा.

अळीने खाल्लेला कढीपत्ता फोडणीत चालतो का?

चालतो. धुऊन घ्या. पानामागे अंडं किंवा अळी नाही ना तेवढं बघा. आमच्याकडे एक झाड पोह्यांचं आणि एक मॉर्मनचं असे दोन कढीपत्ते आहेत, पोह्यांच्या झाडावर अळी दिसली की तिला उचलून दुसऱ्यावर ठेवते. पान तोडूनच न्यायचं, अळीला ओढायचं नाही, ती पायांनी इतकं घट्ट धरते की ओढल्याने इजा होते.

नीम ऑइल तर नैसर्गिक आहे, ते मारलं तर चालेल ना?

नैसर्गिक आहे हे खरं, पण ते अळ्यांवर काम करतं म्हणूनच लोक मारतात. नीमने अळीची भूक जाते, नीट कात टाकता येत नाही, मरते. बीटी म्हणून जी जिवाणूंची पावडर मिळते, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, तिची जाहिरात "माणसाला, मधमाशीला सुरक्षित" अशी असते आणि ते बरोबरही आहे, पण ज्या पानावर पडेल ते पान खाणारी अळी मरते, मग ती घाटेअळी असो की नीलवंत, तिला फरक कळत नाही. जास्वंदीच्या मिलीबगला, म्हणजे त्या कापसासारख्या पांढऱ्या किडीला, नीम मारायचंच असेल तर संध्याकाळी, वारा नसताना, फक्त त्याच फांदीवर, आणि शेजारचा कढीपत्ता कापडाने झाकून.

माझ्या एका वर्षी असं झालं की खालच्या पट्टीवर डासांसाठी म्हणून धूर आणि त्याच्या मागोमाग कसलंसं औषध मारून गेले, कुणी मारलं ते सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी रुईखाली प्लेन टायगरच्या अकरा अळ्या पडलेल्या होत्या, वळवळत होत्या पण वर चढता येत नव्हतं. मी पानावर उचलून ठेवत होते आणि त्या परत पडत होत्या. तेव्हापासून पावसाळ्याआधी मी सेक्रेटरी काकांना भेटते, पाणी साचू देणार नाही ही जबाबदारी माझी असं लेखी देते आणि ती पट्टी वगळायला सांगते. चार वर्षं वगळतायत.

नर्सरीतून नवं झाड आणलं आणि त्यावरच्या अळ्या मेल्या, असं का?

बऱ्याच नर्सऱ्यांत रोपांना मुळातून चढणारं कीटकनाशक देतात, इमिडाक्लोप्रिडसारखं, ते पानापानात जातं आणि धुऊन जात नाही. घेताना विचारा. नुसतं चकचकीत, एकही भोक नसलेलं लिंबाचं झाड असेल तर मी घेत नाही, थोडं खाल्लेलं घेते. घेतलंच असेल तर काही महिने जाऊ देत, पुढची नवी पालवी खायला बरी असते.

पक्षी येऊन अळ्या खातात. जाळी लावू का?

नका लावू. आपण सगळे चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळतो, ग्रिलला तांदूळ ठेवतो, पण चिमणीच्या पिल्लाला दाणा पचत नाही, त्याला पहिले दिवस अळ्या-किडेच लागतात. शिंपी, बुलबुल, दयाळ, नाचण, सगळे पिल्लांना अळ्याच भरवतात. आमच्या ग्रिलमधल्या मोठ्या पानाच्या झाडात शिंप्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं, मी ओट्याशी उभी राहून बघायची, एक जण जातोय, एक जण येतोय, प्रत्येक खेपेला चोचीत काहीतरी हिरवं. कढीपत्त्यावरच्या पाच अळ्यांतली एकच राहिली त्या वर्षी. मला दोन्हीकडून बरं वाटलं.

शिवाय गांधीलमाश्यांच्या जातीतल्या अगदी बारीक माश्या असतात, त्या अळीच्या अंगात अंडी घालतात. अळीच्या पाठीवर तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काही चिकटलेलं दिसलं तर ती अळीची अंडी नाहीत, त्या माशीचे कोष आहेत. ती अळी आता जगणार नाही, पण तिला काढू नका, कारण त्या माश्याच तुमच्या बाकीच्या झाडांची राखण करतात. फवारलंत तर त्या आधी जातात, आणि पुढच्या वेळी अळ्या दुपटीने येतात, मग तुम्ही परत फवारता.

मुलांना दाखवायचंय, बरणीत ठेवू का?

एक-दोन ठेवा, जास्त नको. बरणीला झाकणाऐवजी मलमलचं कापड, तळाला टिश्यू पेपर, रोज ताजं पान त्याच झाडाचं, आणि काळे दाणे म्हणजे तिची शी रोज काढायची, नाहीतर दमट हवेत बुरशी येते. पान सुकू नये म्हणून पाण्यात ठेवायचं असेल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी पाण्यात पडते. एक उभी काडी ठेवा, कोष करायला लागते. ती शी मात्र फेकू नका, कुंडीत घाला.

कोष करायच्या आदल्या दिवशी अळी खाणं सोडते, पातळ शी करते आणि सैरभैर फिरते. आजारी पडली असं वाटतं पण तसं नसतं. मॉर्मनची अळी काडीला शेपूट टेकते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन मागे रेलून बसते, लोकलमध्ये दाराशी बार धरून रेलतात ना अगदी तसं. कोष हिरवा होईल की तपकिरी ते आजूबाजूवर ठरतं.

कोष दहा दिवस झाले तसाच आहे, मेला का?

पावसाळ्यात लिंबावरच्या फुलपाखरांचे कोष साधारण आठ ते चौदा दिवसांत उघडतात, थंडीत जास्त घेतात, त्यामुळे थांबा. शेवटच्या दिवशी कोष काळपट आणि आरपार दिसायला लागतो, आत पंखांची नक्षी दिसते, तेव्हा घाबरून फेकू नका, सकाळी लवकर उठा. बहुतेक सकाळीच बाहेर येतं. पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले असतात, ते लटकून राहतं आणि पंख हळूहळू भरत जातात. खाली लालसर थेंब पडतात, ते रक्त नसतं, कोषातलं उरलंसुरलं टाकतंय. याच वेळी हात लावला किंवा लटकायला जागा मिळाली नाही तर पंख वाकडे राहतात आणि ते कायमचेच. दोनेक तास सोडून द्या. आमची लेक पाच वर्षांची असताना शाळेची बस चुकवून हे बघत बसली होती, मी चुकू दिली.

कोष तपकिरी, हलका आणि बाजूला गोल भोक असेल तर तो त्या बारीक माश्यांचा झाला, फुलपाखरू येणार नाही.

ती जाड हिरवी अळी एकदम तपकिरी झाली आणि फरशीवर फिरतेय. मेली का?

हॉक मॉथची ना? तिला आता मातीत जायचंय. ही अळी झाडावर कोष करत नाही, रंग बदलून खाली उतरते आणि सुक्या पानांखाली शिरते. तिसऱ्या मजल्यावर तिला माती कुठे सापडणार, म्हणून बिचारी बाथरूमपर्यंत जाते. मी अडेनियमच्या शेजारी एक पसरट टब ठेवलाय, खाली चार बोटं माती, वर सुकी पानं. उचलून त्यात ठेवायची आणि पाणी नुसतं शिंपडायचं.

आणि "पतंगच होणार, फुलपाखरू नाही, मग कशाला" असं म्हणू नका. हा पतंग एकदा बघा, हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या रंगांची वळणं, मिलिटरीच्या कपड्यासारखी, आणि संध्याकाळी फुलापुढे हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पितो. रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या, सुवासिक फुलांवर हेच लोक येतात.

शेजारच्या काकूंना अळ्यांची किळस येते, त्या तक्रार करतात.

त्यांचं घर आहे, त्यांना नको असेल तर नको. मी अळ्यांची झाडं त्यांच्या बाजूच्या ग्रिलमधून काढून आतल्या बाजूला आणली, आणि शेवग्याचा केसाळ गठ्ठा मुलांच्या खेळायच्या जागेपाशी आला तेव्हा स्वतः हातमोजे घालून लांब काठीने काढला, वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात एक मॉर्मन कोषातून यायच्या बेतात होता तेव्हा सकाळी सातला काकूंची बेल वाजवली. त्या गाऊनवरच आल्या आणि तासभर बसल्या, चहा इथेच घेतला. आता त्यांच्याकडे लिंबाची एक कुंडी आहे.

मुंबईत हे सगळं बघायला कुठे जायचं?

घाई नसेल तर आपल्याच खिडकीत. तरी आवड लागली असेल तर बोरिवलीचं नॅशनल पार्क, शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आपल्या दाराशी आहे, पावसाळा संपता संपता सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी आठ ते अकरा जा, ऊन पडलं की फुलपाखरं निघतात. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, एके काळी तिथे शहराचा कचरा टाकायचे, आता दाट झाडी आहे. घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी आहे, तिथे फुलपाखरांसाठी म्हणूनच झाडं लावलीत, कुठल्या झाडावर कुठली अळी ते दाखवून सांगतात. तिथून आलात की घरच्या कुंड्यांकडे वेगळ्या नजरेने बघाल.

जागा फक्त एका कुंडीची आहे. काय लावू?

कढीपत्ता. ऊन तीन-चार तास मिळालं तरी भागतं, बारा इंची कुंडी, स्वयंपाकाला येतो, आणि सातव्या-आठव्या मजल्यापर्यंतसुद्धा मॉर्मन त्याला शोधत येतो, मी बघितलंय. दुसऱ्या कुंडीची जागा झाली तर लिंबू. जूनमध्ये लावलंत तर श्रावणात पानं उलटी करून बघायला सुरुवात करा.